गाडीचा खांदा

किल्ली फिरवली की जो आवाज व्हायला पाहिजे तो झाला. घुर्र, घुर्र, घुर्र. पण त्या घुरघुरीच्या पोटातून जो दुसरा आवाज वर उसळतो, भडभड करत सगळं पत्र्याचं अंग हलवणारा, तो काही आला नाही. वीरेंद्रने किल्ली सोडली, काचेवरून ओघळणारं झडीचं पाणी पाहिलं, पुन्हा फिरवली. घुर्र, घुर्र. पुन्हा काही नाही. आणि तेवढ्यात त्याच्या छातीत एक गंमत झाली. गंमतच म्हणायची, कारण खरा शब्द लावायला त्याची हिंमत नव्हती. त्याला आनंद झाला. चांगला टणक, लुच्चा आनंद, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोरांना होतो तसा. त्याने घाईने चेहरा गंभीर केला आणि आरशात मागे पाहिलं. मागच्या सीटवर, दारावरची मूठ घट्ट धरून, मांडीवर रेक्झिनची थैली घेऊन त्याचा बाप बसला होता. रघुनाथराव. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि चेहऱ्यावर बसस्टँडवरच्या माणसाचा भाव. येईल तेव्हा येईल, आपल्या हातात काय आहे.

"सुरू नाही होऊन राहिली," वीरेंद्र म्हणाला.

"दिसून राहिलं," बाप म्हणाला.

झालं. एवढंच बोलणं. आमच्याकडच्या बापलेकांना देवाने जीभ दिली ती जेवायला आणि शिव्या द्यायला. मधलं जे काही बोलायचं असतं ते बोलायला दुसरं इंद्रिय द्यायचं तो विसरला. वीरेंद्र पांढुर्ण्याच्या शाळेत हिंदी शिकवायचा. दरवर्षी पोरांकडून 'मेरे पिताजी' वर निबंध लिहून घ्यायचा, आणि 'पिताजी हमारे लिए छायादार वृक्ष हैं' हे वाक्य कुणी गाळलं तर मार्क कापायचा. असा हा निबंधांचा मास्तर. पण मागच्या बाजाराच्या दिवशी बापाने ताटावरून उठता उठता सांगितलं, "पोळ्याले मले गावी नेऊन सोड. आता तिकडंच राहीन म्हंतो," तेव्हा याच्या तोंडातून कोणतं वाक्य निघालं? "बरं." फक्त "बरं." वृक्ष नाही, छाया नाही. तो "बरं" तेव्हापासून त्याच्या घशात बोराच्या बीसारखा अडकला होता, ना खाली जाई ना वर येई. बायको अनुराधा भांडी घासताना एवढंच म्हणाली होती, "तुमी थांबा म्हनाले असते तं तुमच्या जिभेले काटा रुतला असता काय?" तो पेपर तपासायला बसला.

गाव म्हणजे सावसर ओलांडून लोधीखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शेत ठेक्याने दिलेलं, आई जाऊन दोन पावसाळे झालेले, आणि शेवटची बैलजोडी चैत्रात विकलेली. जोडी विकली तेव्हाच वीरेंद्र या गाडीतून बापाला घेऊन आला होता. त्या दिवशी त्याने फोटो काढून सगळ्या मास्तरांना पाठवला. 'पिताजी अब हमारे साथ.' खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुमाले कसं वाटून राहिलं. तो माणूस पांढुर्ण्याच्या या घरात सकाळी उठायचा, पाहुण्याने आवरावं तसं अंथरूण आवरायचा, ओट्यावर बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या ढोरांकडे पाहायचा. गाडीला तो गाडी म्हणत नसे. गाडी म्हणजे बैलाची. ही मोटर. कधी नुसतं "तो डब्बा."

आणि आता डब्बा अडला होता. आजच. आज पोळा आणि उद्या गोटमार. उद्या जाम नदीच्या या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव गोटे फेकणार, रस्ते बंद, खिडक्यांना आतापासूनच पत्रे ठोकून ठेवलेले. म्हणजे जायचं तर आजच. आज नाही गेलं तर... त्या 'तर' पाशी येऊन वीरेंद्रच्या छातीतला लुच्चा आनंद पुन्हा शेपूट हलवू लागला. त्याने दार आपटलं आणि खाली उतरला. बापाने उतरायचं नाव घेतलं नाही. "चालू होईन तवा होईन," म्हणाला, आणि मूठ आणखी घट्ट धरली.

गल्लीत गाडी बंद पडणं म्हणजे नळाला पाणी येण्यासारखं आहे. सगळे भांडी घेऊन धावतात. पहिले आले मधुकरभाऊ, शेजारच्या घरातले, जन्माने सावरगावचे, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. त्यांना जगातल्या कोणत्याही यंत्राचा एकच रोग माहीत होता.

"ब्याटरी," ते लांबूनच ओरडले. "झडीनं ब्याटरी बसली. लिहून घ्या सर."

"ब्याटरी बसली असती तं सेल्फ कसा मारला असता भाऊ? घुरघुरून तं राहिली."

"घुरघुरते म्हनजे चांगली हाय असं थोडीच? माही बायको बी घुरघुरते."

"तुमी सावरगाववाले," वीरेंद्र म्हणाला, "उद्याचे गोटे आजच मारून राहिले काय?"

मधुकरभाऊ खूश झाले. त्यांना टोमणा मारला की चहा दिल्यासारखं वाटायचं. ते बोनटला टेकून उभे राहिले, जसा काही त्यांचा तिथे वारसाहक्क होता. मग समोरच्या घरातला ऋषिकेश आला, मोबाइलवर आधीच काहीतरी उघडून. कामधंदा शोधणारी पोरं आजकाल सगळ्या धंद्यांचं अर्धं अर्धं ज्ञान घेऊन फिरतात, यात त्यांचा दोष नाही. पुरं ज्ञान द्यायला कुणी बसलेलं नाही. "सर, पेट्रोलमदी पानी," तो म्हणाला. "आजकालच्या पेट्रोलले पानी लय लवकर धरते. यात सांगून राहिला पहा हा मानूस. टाकी खाली करा म्हंते."

"तो मानूस कुठचा हाय?"

"लुधियान्याचा असन."

"मंग त्याले म्हना, इकडं येऊन खाली कर."

ढकलून पाहू असं ठरलं. ठरवायला तिघे आणि ढकलायलाही तिघेच, कारण बाकीची गल्ली पोळ्याच्या कामात. कुणी शिंगांना बेगड लावतोय, कुणी झूल झटकतोय. गल्लीच्या टोकाला मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान, त्याला कुलूप, मिस्त्री बैल धुवायला नदीवर. "बाबा, खाली उतरता का?" वीरेंद्रने काचेतून विचारलं. "मी काय लय जड हाव?" आतून उत्तर आलं. आणि मग बापासकट, थैलीसकट, त्या पांढऱ्या जुन्या गाडीला तिघांनी चिखलातून ढकललं. वीरेंद्र एका हाताने स्टिअरिंग धरून बाजूने धावत होता. मधुकरभाऊ मागून "हर्र, हर्र" करत होते. वीरेंद्रने आत उडी मारून क्लच सोडला, तशी गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि हनुमानाच्या देवळासमोर बैठक मारली. आतून रघुनाथराव म्हणाले, "त्याले मारून काई फायदा नाई. त्याले बसू द्या." वीरेंद्र थबकला. 'बसू द्या.' डब्ब्याबद्दल बाबा कधीपासून बैलासारखं बोलू लागले? पण घामाने त्याचा चष्मा धुरकट झाला होता, आणि घामात माणूस विचार करत नाही. गाडी तशीच ढकलत परत दारापाशी आणली. मधुकरभाऊ आणि ऋषिकेश ओट्यावर बसून ब्याटरी विरुद्ध पेट्रोल असा खटला लढवू लागले.

वीरेंद्रने बोनट उघडलं. झड थांबली होती, नुसता ओला उजेड होता. तो पहिल्यांदाच त्या यंत्रापाशी एकटा उभा राहिला. आतापर्यंत बोनट उघडायचं ते पाणी टाकायला, आणि मिस्त्रीच्या मागे हात बांधून उभं राहायला. त्याने मागे जाऊन धुराड्याचा वास घेतला. पेट्रोलचा वास होता, चांगला कच्चा. म्हणजे पेट्रोल येऊन राहिलं. सेल्फ फिरून राहिला. मग उरतो तो करंट. ठिणगी. सगळं हजर आहे, ठिणगी नाही. हे वाक्य मनात आलं आणि त्याला उगाच स्वतःवर कुणीतरी शेरा मारल्यासारखं वाटलं. अशी सवयच लागली होती मेल्याला, प्रत्येक वाक्यात अर्थ शोधायची. तो खाली वाकला आणि चाकाच्या बाजूला, जिथून सगळ्या प्लगांच्या जाड काळ्या वायरी निघतात त्या काळ्या टोपीकडे पाहिलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी. ठिणगी तिथून वाटली जाते, एवढं त्याला मिस्त्रीच्या बडबडीतून माहीत होतं. त्याने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बोटाने सोडल्या आणि टोपी उचलली.

आतून घाम फुटल्यासारखे थेंब. टोपीच्या सगळ्या अंगाला, बारीक, गोल, चमकणारे. आणि वास. त्याने नाक जवळ नेलं, मग आणखी जवळ. हा झडीचा वास नव्हता. पेट्रोलचा नव्हता, जळक्या रबराचा नव्हता. तो वास त्याच्या नाकातून आत गेला तो थेट चाळीस पावसाळे मागे, गोठ्यात, जिथे तो कंदील धरून उभा आहे. कंदील दोन हातांनी धरायचा, हलला की बाप ओरडतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची ती वेळ. परातीत कोमट पाणी, वाटीत तूप आणि हळद कालवलेली, आणि पळसाची पानं. बाप पानाने बैलाच्या खांद्यावर तूप चढवतोय, जिथे जू बसून बसून चामडं जाड झालेलं असतं, तळहाताच्या घट्ट्यासारखं. खांदा शेकायचा, वर्षभराचं दुखणं काढायचं. बैलाची कातडी थरथरते, मग शांत होते. आणि बाप, जो कुणाशीच बोलत नसे, पोराशी नाही, बायकोशी नाही, तो त्या बैलाच्या कानापाशी तोंड नेऊन बोलतोय, हळू, पाहुण्याला जेवणाचं आवतण द्यावं तसं, आदराने. वीरेंद्रला तेव्हा बैलाचा हेवा वाटला होता. खोटं कशाला सांगायचं? पोर होतं ते. आपला बाप ढोराला अहो-जाहो करतो आणि आपल्याला 'बे' करतो. तो हेवा त्याने कुणाला सांगितला नव्हता. तो कुणाला सांगायचा असतो?

टोपीच्या कडेला पिवळा डाग होता. बोटाचा. बाजूला आणखी एक, आणि इंजिनाच्या वरच्या झाकणावर चार बोटं एकत्र ओढलेली, पिवळी, तुपकट, पाण्याने न निघालेली. वायरींच्या खाली काहीतरी अडकलं होतं. त्याने ओढून काढलं. पळसाचं पान.

"अनुराधा," त्याने हाक मारली. आवाज नेहमीसारखा काढायचा होता, पण निघाला वेगळाच.

अनुराधा दारात आली, हाताला पुरण लागलेलं. पानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसू दाबायची तिची ती जुनी पद्धत होती.

"काल दिवे लागायच्या टायमाले मामाजीनं गरम पानी मांगतलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मले वाटलं गुडघे शेकाचे असन. मंग तूप मांगतलं, हयद मांगतली. पाहतो तं झाकन उघडून उभे. मले म्हनाले, याचा खांदा कुठं असते वं? म्या म्हनलं, मामाजी, जिथून ओढते तिथं असन."

"आन पानी टाकू देल्लं?"

"मी कायले अडवू? त्याइचा हात पाहिला असता तं तुमीबी अडवलं नसतं." मग जरा थांबून, "आन खरं सांगू का? सकाळी समजलं मले काहून सुरू नाई होऊन राहिली ते. म्या सांगतलं नाई. नाई झाली तं बरंच होते म्हनलं."

"म्हनजे दीड तास मी चिखलात..."

"तुमाले चिखलातच अक्कल येते," ती म्हणाली आणि आत गेली, कारण तव्यावर पोळी होती.

वीरेंद्र पान हातात धरून उभा राहिला. आरशातून नाही, सरळ मागच्या काचेतून त्याने पाहिलं. बाप समोर बघत होता, मान ताठ, चोरी पकडलेल्या पोरासारखा. कानाच्या पाळ्या लाल. अख्खी सकाळ हा माणूस आत बसून होता, ब्याटरी ऐकत होता, पेट्रोल ऐकत होता, स्वतः ढकलला जात होता, आणि त्याला माहीत होतं. वीरेंद्रला हसू आलं. पोटातून, असं की मधुकरभाऊ ओट्यावरून म्हणाले, "सर, डोक्यात करंट गेला काय?" कोण कुणाला सोडायला निघालं होतं आणि कोण कुणाला धरून बसलं होतं, काही कळेना. बरं म्हणणारा हा, आणि तूप-हळद लावणारा तो. दोघांनीही जे बोलायचं ते तोंड सोडून भलतीकडेच बोलून ठेवलं होतं.

त्याने आत जाऊन सुती फडकं आणलं, अनुराधाच्या तव्याच्या कडेला दाबून गरम केलं, आणि येऊन टोपी आतून पुसली. फडकं लगेच गार झालं. पुन्हा तवा, पुन्हा टोपी. ओलं निघायला ऊब पाहिजे. तिसऱ्या खेपेला त्याला आपलेच हात दिसले आणि तो मनात म्हणाला, लेका, तू शेकूनच राहिला. कंदील धरणारा पोरगा शेवटी शेकायला लागला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. सकाळपासून पहिल्यांदा. रघुनाथराव खाली उतरले, थैली सीटवरच ठेवली, धोतर सावरत जवळ आले आणि हात पुढे केला. वीरेंद्रने गरम फडकं त्या हातात ठेवलं. बाप वायरी पुसू लागला, एकेक, जोर न देता, वरून खाली. दोघेही बोनटमध्ये डोकी घालून. टोपीला टोपी लागत होती. एक काळी प्लास्टिकची, एक पांढरी खादीची.

"पानी लय झालं काय?" बाप खाली बघत म्हणाला.

"थोडंसं."

"बैलाले चालते."

"हां. बैलाले चालते."

टोपी बसवली, पट्ट्या लावल्या. वीरेंद्र आत बसला, किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, आणि मग तो दुसरा आवाज, भडभड करत, खोकत, पांढरा धूर सोडत, सगळं अंग हलवत उसळला. ऋषिकेशने टाळ्या वाजवल्या. मधुकरभाऊ उठून उभे राहिले. "म्या म्हनलंच होतं!" ते गल्लीला उद्देशून ओरडले. "ब्याटरीच होती!"

आणि आता पंचाईत. गाडी सुरू होती, रस्ता सुरू होता, झडही थांबलेली. सावसर चार वाजेपर्यंत आरामात. बाप गाडीच्या पुढे उभा होता, हाताला काळं आणि पिवळं लागलेलं. तो थैलीच्या दाराकडे गेला नाही आणि घराकडेही गेला नाही. वीरेंद्रच्या घशातली बी वर आली. आता गिळली तर जन्मभर गिळावी लागेल, हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की त्याला भीतीच वाटली. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, काल याले आवतन देल्लं होतं का?"

रघुनाथरावांनी हात धोतराला पुसायला नेला, मग आठवलं धुतलेलं आहे, मागे घेतला. "देल्लं."

"काय म्हनलं?"

"काय म्हनत असतेत? आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"उद्या म्हनजे आज."

"हां."

"मंग पाहुन्याले जेवाले बलावून घरधनी थैली घिऊन कुठं चालला?"

मधुकरभाऊंनी तोंड उघडलं होतं ते ऋषिकेशने त्यांचा हात दाबून बंद केलं. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. बापाचा जबडा हलला, चावल्यासारखा, जसा बैलाच्या कानात बोलण्याआधी हलायचा. "तू कवा थांब म्हनलं?" तो म्हणाला. रागाने म्हणाला, चांगल्या खणखणीत रागाने. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदा या घरात आवाज चढवला होता, आणि पाहुणा आवाज चढवत नसतो.

"आता म्हनून राहिलो," वीरेंद्र म्हणाला. "थांबा. नका जाऊ."

बी बाहेर पडली. एवढीशी तर होती.

रघुनाथरावांनी नाक ओढलं, गल्लीकडे पाहिलं, मग भडभडणाऱ्या बोनटवर थाप मारली. "तं बंद कर ना बे आधी! पोळ्याच्या दिवशी जुंपते काय कोनी? मास्तर हाय म्हंते मोठा. बंद कर, बंद कर!"

वीरेंद्रने किल्ली उलटी फिरवली. यंत्र एक हिसका देऊन शांत झालं, आणि त्या शांततेत इंजिनातून गरम तुपाचा वास वर आला, खमंग, सणाच्या घरासारखा. आतून अनुराधाचा आवाज आला, "अहो, पोळ्या गार होऊन राहिल्या. जाऊन राहिले का राहून राहिले? किती ताटं करू, सांगा तं कोनी!"

बापाने मागचं दार उघडून थैली काढली, खाकेत धरली आणि घराच्या पायरीवर पाय ठेवत, मागे गाडीकडे हात करून मोठ्याने सांगितलं, "याचं धरून चार."